विश्लेषण : गिटार वाजवता न येणाऱ्या लिओ फेंडर यांच्या गिटारी आजही जशाच्या तशा का बनवल्या जातात?

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या हुबेहूब नव्या आवृत्त्यांना ‘रीइश्यू’ म्हणतात. १९५० च्या दशकातील लाकूड, रंग, स्क्रूंची जागा, तांब्याच्या तारेचे वेढे असे सगळे त्यात पुन्हा जुळवले जाते. ही मूळ रचना ज्यांची, त्या लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. आपल्याच नावाच्या कंपनीची मालकी आयुष्याची शेवटची २६ वर्षे त्यांच्याकडे नव्हती. या कंपनीची अक्रोडाच्या लाकडाची गिटार संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे, पण ती बाजारात आली तेव्हा फेंडर कंपनीत नव्हते.

बेंजो आणि इलेक्ट्रिक गिटारमध्ये साम्य काय?

भोकरदन तालुक्यातील धावडा असो की मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव, वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो ऐकलेला नाही असा माणूस सापडणे कठीण. त्या लहानशा लाकडी वाद्याचा आवाज ताशाच्या दणदणाटातही ऐकू येतो, कारण त्याच्या तारांखाली ‘पिकअप’ बसवलेला असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात अगदी सूक्ष्म वीज तयार होते आणि अॅम्प्लिफायर ती मोठी करतो. इलेक्ट्रिक गिटारचे तत्त्वही हेच.

फरक आहे तो पोकळीचा. मिरजेत बनणाऱ्या सतारीचा आवाज भोपळ्याच्या पोकळीत घुमतो. जुन्या गिटारीही पोकळ होत्या. त्यांना पिकअप लावून आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज पुन्हा त्या पोकळीत शिरे आणि माइक स्पीकरजवळ नेल्यावर येते तशी कर्कश शीळ येई. यावर एक उपाय म्हणजे पोकळीच काढून टाकणे. भरीव लाकडाच्या गिटारचे प्रयोग अनेकांनी केले. ती कारखान्यात मोठ्या संख्येने बनवून विकणे फेंडर यांनी शक्य करून दाखवले.

कोण होते लिओ फेंडर?

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. कॅलिफोर्नियात आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठीमुळे त्यांचा एक डोळा काढावा लागला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. गाड्यांच्या विजेची कामे करणाऱ्या एका नातलगामुळे त्यांना रेडिओचे वेड लागले. शिक्षण मात्र हिशेबनीसाचे झाले आणि नोकरीही त्याच कामाची मिळाली. महामंदीच्या काळात ती गेली. १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टन गावात रेडिओदुरुस्तीचे दुकान टाकले.

या दुकानात वादकही येत. कुणाचा अॅम्प्लिफायर बंद पडलेला, कुणाच्या गिटारचा पिकअप गेलेला. वाद्य कुठे मोडते आणि दुरुस्तीला वेळ कशामुळे लागतो, हे फेंडर यांना असे रोज समोर दिसत होते. १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्यासोबत त्यांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी बनवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाची कंपनी काढली.

त्यांच्या गिटारमध्ये वेगळे काय होते?

तेव्हाच्या गिटारची दांडी, म्हणजे नेक, बॉडीला सरसाने कायमची चिकटवलेली असे. ती वाकली तर कुशल कारागिराकडे जाण्यावाचून पर्याय नसे. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी बसवली. बिघडली की काढा, दुसरी लावा. बॉडी म्हणजे सपाट फळीतून कापलेला आकार. वायरिंग सुटे करता येईल असे.

१९५० मध्ये ही गिटार ‘एस्क्वायर’ आणि ‘ब्रॉडकास्टर’ या नावांनी आली. ग्रेच कंपनीचे ड्रम याच उच्चाराच्या नावाने विकले जात असल्याने आक्षेप आला. फेंडर यांनी वाद न घालता नाव मागे घेतले. नवे नाव ठरेपर्यंत कामगार लेबलवरील ‘ब्रॉडकास्टर’ शब्द कापून उरलेला भाग चिकटवत होते. नाव नसलेल्या त्या गिटारींना आज संग्राहक मोठी किंमत मोजतात. १९५१ मध्ये ‘टेलिकास्टर’ हे नाव कायम झाले. त्याच वर्षी ‘प्रिसिजन बास’ आली आणि उभ्या, अवजड डबल बासला हातात धरता येईल असा पर्याय मिळाला.

१९५४ ची ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही वादकांच्या तक्रारी ऐकून घडली. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना आणि हाताला टोचतात, असे वादक सांगत. म्हणून नव्या गिटारच्या कडा शरीराला बसतील अशा तासल्या गेल्या. तीन पिकअप आणि सूर खालीवर करणारा दांडा आला. किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट. फेंडर स्वतः वाजवू शकत नसल्याने प्रत्येक नमुना ते स्थानिक वादकांच्या हाती देत, तक्रारी ऐकत आणि पुन्हा बदल करत.

मग अक्रोडाचे लाकूड कुठून आले?

फेंडर यांनी बॉडीसाठी आधी अॅश आणि १९५६ पासून बहुतांश गिटारींसाठी आल्डर हे लाकूड वापरले. दांडी मेपलची. अक्रोडाला त्यांच्या रचनेत जागा होती, पण पट्टीपुरतीच. तारांच्या ताणाने दांडी वाकू नये म्हणून आत पोलादी सळई घातली जाई. त्यासाठी मागून खाच पाडत आणि ती अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवत. फिक्या मेपलवर उठून दिसणारी ही पट्टी रीइश्यू गिटारींच्या मागेही दिसते.

पूर्ण अक्रोडाची बॉडी ही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आवड. रंग न देता लाकडाच्या रेषा दाखवण्याची तेव्हा फॅशन होती. गिब्सन कंपनीने १९७८ मध्ये अक्रोडाची ‘द पॉल’ आणली. फेंडर कंपनीने १९८१ ते १९८३ दरम्यान बॉडी आणि दांडी दोन्ही काळ्या अक्रोडाची असलेली स्ट्रॅटोकास्टर काढली. वाळलेल्या काळ्या अक्रोडाचे वजन घनमीटरला साधारण ६१० किलो, तर लाल आल्डरचे ४५० किलो. त्यामुळे ही गिटार देखणी, पण खांद्याला जड.

फेंडर कंपनीतून बाहेर का पडले?

१९५० च्या दशकात त्यांना सायनसच्या जंतुसंसर्गाने गाठले होते. तो वर्षानुवर्षे बरा होईना. आपण फार जगणार नाही, असे वाटून त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी ‘सीबीएस’ला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढे डॉक्टर बदलला आणि आजार बरा झाला. पण करारानुसार दहा वर्षे स्पर्धक म्हणून बाजारात उतरता येत नव्हते. ‘फेंडर’ हे नावही आता कंपनीचे होते.

१९७० च्या दशकात सीबीएसच्या काळातील गिटारींच्या दर्जाविषयी तक्रारी वाढल्या. स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीचे चार स्क्रू तीनवर आले. वादक दुकानांमध्ये १९६५ पूर्वीच्या जुन्या गिटारी शोधू लागले. जपानी कंपन्यांनी ही संधी साधली आणि जुन्या फेंडरच्या उत्तम नकला बाजारात आणल्या.

रीइश्यू कधी सुरू झाले?

१९८२ मध्ये. नकलांना उत्तर म्हणून कंपनीने जपानमध्ये ‘फेंडर जपान’ स्थापन केली. अमेरिकेतही १९५२ ची टेलिकास्टर आणि १९५७ व १९६२ ची स्ट्रॅटोकास्टर नव्याने बनवण्याचे ठरले. त्यासाठी स्वतःचीच जुनी वाद्ये मोजून पाहावी लागली. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली कर्मचारी आणि गुंतवणूकदारांनी कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली. वीस वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षाही हा आकडा कमी होता आणि कारखान्याची इमारत त्यात नव्हती. नव्या मालकांना सावरायला जुन्या रचनांचा मोठा आधार मिळाला. १९९५ पासून तर मुद्दाम रंग उडवलेल्या, ओरखडे पाडलेल्या ‘रेलिक’ गिटारीही मिळू लागल्या.

फेंडर त्या वेळी काय करत होते?

त्याच फुलर्टन गावात ते काम करत होते. १९७५ मध्ये ते ‘म्युझिक मॅन’चे अध्यक्ष झाले. पुढे जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत ‘जी अँड एल’ ही कंपनी काढली. जॉर्ज आणि लिओ यांची ती आद्याक्षरे. जुन्या गिटारीतील उणिवा त्यांना ठाऊक होत्या. त्यांनी नवे पिकअप आणि नवा ब्रिज तयार केला. ही वाद्ये आपल्या जुन्या वाद्यांपेक्षा सरस आहेत, असे त्यांचे मत होते.

ग्राहक मात्र १९५४ चीच गिटार मागत होते. त्यामुळे एकाच वेळी बाजारात ‘फेंडर’ नावाच्या जुन्या रचनेच्या नव्या गिटारी होत्या आणि खुद्द फेंडर यांनी सुधारलेल्या, पण दुसऱ्या नावाच्या गिटारीही. पहिल्या प्रकाराला मागणी कितीतरी जास्त होती. पार्किन्सनने हात थरथरू लागले तरी ते कामाच्या टेबलावर बसत राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

रीइश्यू घेणाऱ्याने काय पाहावे?

रीइश्यू म्हणजे जुने वाद्य नव्हे, जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसारखे ते नवे वाद्य. त्याची किंमत मूळ जुन्या गिटारपेक्षा खूप कमी असते. कोणत्या वर्षाच्या रचनेवरून ते बनले, यावर लाकूड, वजन आणि पिकअप ठरतात. अक्रोडाची बॉडी आवडत असेल तर आधी उभे राहून अर्धा तास वाजवून पाहावी. एवढी परीक्षा फेंडर यांच्या दुकानात प्रत्येक नमुन्याला द्यावी लागत असे.