तेलघाण्याला राजाश्रय देणारे वैकुंठभाई

बँकेच्या हिशेबवह्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाने तेलघाणा, हातसडीचा तांदूळ आणि मध यांची चिंता वाहावी, हे वरकरणी विसंगत वाटते. वैकुंठभाई मेहता (१८९१-१९६४) यांच्याबाबतीत मात्र ते ओघानेच आले. मुंबईत १९११ मध्ये उभ्या राहिलेल्या, आज महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा कारभार त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ पाहिला. शेतकऱ्याला कर्ज मिळाले, तरी त्याचे भात आणि तेलबिया गिरणीकडे गेल्या की गावातील तेल्याचा आणि कांडणाऱ्या बाईचा रोजगार बुडत असे.

१९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. पुढे १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाचे पहिले अध्यक्ष. या आयोगाचे नाव घेताच चरखाच आठवतो. पण घाणीचे तेल, गूळ-खांडसरी, हातसडीचा तांदूळ आणि मधमाशापालन हेही त्याच्याच कक्षेत होते. वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारलेल्या घाण्याचा प्रसार झाला, कारागिरांना कर्ज व अनुदान मिळू लागले. १९५८ च्या कायद्याने नव्या भातगिरणीला परवाना सक्तीचा झाला.

तरीही गिरणीची सरशी झालीच. तो कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. (आता शहरांत लाकडी घाण्याचे तेल चढ्या दराने विकले जाते, हा भाग वेगळा!) मधाची गोष्ट निराळी. आयोगाने १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन केली. दोनच वर्षांनी वैकुंठभाई निवर्तले.