महर्षी पाणिनी आणि अकार

भगवान श्रीकृष्णांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना अक्षरांतील अकार ही आपली विभूती म्हटली आहे. त्याच अकाराच्या उच्चारावर आपला महान ग्रंथ संपविणाऱ्या एका ऋषितुल्य पुरुषाचे हे अल्प चरित्र आहे.

महर्षी पाणिनी गांधार देशातील शलातुर गावचे. हे गाव आज पाकिस्तानच्या स्वाबी जिल्ह्यात लाहूर या नावाने ओळखले जाते, असे विद्वान मानतात. त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी पाचवे किंवा चौथे शतक धरतात. मातेचे नाव दाक्षी. म्हणून पतंजलींनी त्यांस दाक्षीपुत्र म्हटले. कथासरित्सागरातील आख्यायिका अशी की, ते गुरुगृही मंदबुद्धी ठरले, तेव्हा हिमालयात जाऊन त्यांनी तप केले आणि शंकराच्या प्रसादाने व्याकरणविद्या मिळविली. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने शलातुर येथे त्यांची मूर्ती असल्याची नोंद केली आहे.

त्यांच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि सुमारे चार हजार सूत्रे आहेत. हे शास्त्र रचताना एक अडचण उभी राहिली. वाचकांनी ‘अ’ आणि ‘आ’ सावकाश उच्चारून पाहावेत. ‘आ’ म्हणताना मुख मोकळे उघडते. ‘अ’ म्हणताना ते पुष्कळसे मिटलेले राहते. पहिला उच्चार विवृत, दुसरा संवृत. प्रयत्न निराळा असल्यास दोन वर्ण सवर्ण ठरत नाहीत. आणि सवर्ण नसतील तर हिम आणि आलय मिळून हिमालय होण्याचा नियमच लागू पडणार नाही. म्हणून परंपरा सांगते की, पाणिनींनी शास्त्रापुरता ‘अ’ विवृत मानला.

परंतु सोयीसाठी मानलेली गोष्ट त्यांनी सत्य म्हणून मागे ठेवली नाही. अष्टाध्यायीचे अगदी शेवटचे सूत्र केवळ दोन अकारांचे आहे. शास्त्रासाठी विवृत मानलेला अकार उच्चारात संवृतच आहे, असा त्याचा आशय. हे सूत्र ग्रंथाच्या अखेरीस असल्यामुळे, पाणिनींच्याच व्यवस्थेनुसार, आधीच्या नियमांच्या दृष्टीने ते जणू अस्तित्वातच नाही. म्हणून कोणतेही कार्य बिघडत नाही आणि सत्यही राखले जाते.

संस्कृत रोमन लिपीत लिहिताना आजही दोन्ही स्वरांस एकच अक्षर देतात व ‘आ’वर आडवी रेघ काढतात. त्यामुळे भेद केवळ ऱ्हस्वदीर्घाचा वाटतो. १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत मात्र आपल्या भाषांतील ‘अ’ बहुधा रोमन ‘ई’चे लहान अक्षर उलटे करून दाखवितात, आणि ‘आ’साठी निराळे चिन्ह योजतात. हा भेद पाणिनींनी दोन सहस्र वर्षांहून आधी ओळखला होता.

गृहस्थालाही व्यवहारात अनेक गोष्टी सोयीसाठी मानून चालावे लागते. त्यात दोष नाही. मात्र कार्य संपताच सत्य त्याच्या स्थानी पुन्हा ठेवावे, ही शिकवण या ऋषीने एका स्वराच्या निमित्ताने दिली आहे.