जेटच्या गोंगाटाचं गणित

विमानतळाच्या आसपास राहत असाल, तर डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज तुमच्या सवयीचा असेल. पण तो नेमका येतो कुठून? इंजिनातून, असंच म्हणाल ना? जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाचं १९५२चं उत्तर वेगळं होतं. तेव्हा ते जेमतेम २८ वर्षांचे होते आणि दोन वर्षं मँचेस्टरला प्रोफेसर!

नॉझलमधून सुटलेला झोत बाहेरच्या संथ हवेत घुसतो, तिथे भोवरे उठतात आणि गोंगाट त्या भोवऱ्यांतून होतो. आता बाहेरच्या हवेला सायलेन्सर कसा लावणार? वाट त्यांच्या गणितातच होती. या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. म्हणजे वेग निम्मा केला, की ती २५६ पटींनी कमी! म्हणून आजची इंजिनं जास्त हवा, पण सावकाश मागे ढकलतात.

लाइटहिल यांनी माशांच्या पोहण्याचंही गणित मांडलं. स्वतः ते पट्टीचे पोहणारे. १९७३मध्ये इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटाला त्यांनी पोहत फेरी मारली. १९९८मध्ये, ७४व्या वर्षी, तीच फेरी मारताना समुद्रातच त्यांचा मृत्यू झाला.

पुढच्या वेळी बोइंग ७८७ दिसलं, तर इंजिनाची मागची कड बघा. करवतीसारखे दाते दिसतील. झोत बाहेरच्या हवेत हळुवार मिसळावा, म्हणून ते दिलेत.