वेगाची उपासिका : बिअॅट्रिस शिलिंग

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात ८ मार्च १९०९ रोजी बिअॅट्रिस शिलिंग हिचा जन्म झाला. यंत्रांचा तिला लहानपणापासूनच भारी नाद. चौदाव्या वर्षी तिने एक मोटारसायकल विकत घेतली. तिचे इंजिन खोलावे आणि पुन्हा जुळवावे, यातच तिला आनंद वाटे.

मुलीने इंजिनियर व्हावे, ही गोष्ट त्या काळी लोकांना विपरीत वाटे. बिअॅट्रिस मात्र डगमगली नाही. मार्गारेट पार्ट्रिज या महिला इंजिनियरच्या हाताखाली तिने विजेची कामे केली आणि १९३२ साली मँचेस्टर विद्यापीठाची पदवी संपादन केली.

ब्रुकलँड्स येथे मोटारींच्या शर्यतींसाठी काँक्रीटचा मोठा मार्ग होता. शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी पुरी करणाऱ्या मोटारसायकलस्वाराला तेथे सुवर्णतारा मिळे. १९३४ साली आपल्या नॉर्टन मोटारसायकलवर ताशी १०६ मैलांचा वेग गाठून बिअॅट्रिसने तो पटकावला. हा मान तेथे अवघ्या तीन स्त्रियांना लाभला.

१९३६ साली शिलिंगबाई फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत दाखल झाल्या. लवकरच महायुद्ध पेटले. ब्रिटिश लढाऊ विमानांचे नाक एकाएकी खाली वळविले, की त्यांचे मर्लिन इंजिन बंद पडू लागे. जर्मन विमानांत हा दोष नव्हता. ऐन झुंजीत तो क्षण वैमानिकाच्या प्राणांवर बेते.

दोषाचे मूळ कार्ब्युरेटरमध्ये होते. झटक्यासरशी त्यात वाजवीपेक्षा अधिक पेट्रोल शिरे आणि इंजिन गुदमरे. शिलिंगबाईंनी त्यावर साधा उपाय शोधला. त्यांनी छिद्र असलेली एक लहानशी पितळी चकती तयार केली. इंजिनाला पूर्ण शक्तीसाठी लागेल तेवढेच पेट्रोल त्या छिद्रातून जाई. १९४१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह विमानतळोविमानतळी जाऊन या चकत्या बसविल्या. तेव्हाही त्यांचे वाहन मोटारसायकलच होते! दोष समूळ गेला नाही. परंतु नवे कार्ब्युरेटर येईपर्यंत वैमानिकांना मोठा आधार मिळाला.

१९६९ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९९० साली निधन पावल्या. वेगाचे वेड अनेकांना असते; पण शिलिंगबाईंनी वेगामागचे शास्त्रही जाणून घेतले. म्हणूनच शर्यतीच्या मार्गावर मिळविलेले ज्ञान पुढे इतरांचे प्राण वाचविण्याच्या कामी आले.