रणभूमीवरचा वैद्य : बॅरन लारे

नेपोलियनच्या लढाया पाठ करताना प्रत्येक लढाईखाली एक ओळ ठरलेली असते : इतके हजार ठार, इतके हजार जखमी. ठार झालेल्यांचा हिशेब तेथेच संपतो. पण जखमींचे पुढे काय झाले, त्यांना कोणी उचलले, कोठे नेले, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकातले मला काही कळत नाही. तरीही या प्रश्नाचा माग काढत गेलो आणि दोमिनिक लारे या माणसापाशी येऊन थांबलो.

लारेचा जन्म १७६६ साली फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या कुशीतील बोदेआँ या खेड्यात झाला. तेराव्या वर्षी तो पोरका झाला. तुलूझला त्याचे काका शल्यवैद्य होते. त्यांच्याकडे त्याने विद्येचे पहिले धडे घेतले. पुढे एका युद्धनौकेवर वैद्य म्हणून तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. नंतर पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात त्याला दसो हा गुरू लाभला. शस्त्रक्रिया ग्रंथातून नव्हे, तर रोग्याच्या खाटेशी उभे राहून शिकवायची, ही दसोची रीत. लारे जन्मभर याच रीतीने शिकला आणि याच रीतीने त्याने शिकवले.

१७९२ साली तो ऱ्हाईन नदीवरील सैन्यात दाखल झाला, तेव्हा लष्कराचा नियम होता की, दवाखान्याच्या गाड्या रणांगणापासून एक कोस मागे ठेवायच्या. लढाई संपली की मग जखमींना गोळा करायचे. यात सहज एक दिवस जाई. तोवर रक्त वाहून, थंडीने वा तहानेने कित्येक जण मरून गेलेले असत. लारेने पाहिले की, घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा मात्र रणांगणात वाऱ्यासारख्या फिरतात. तोफ जर इतक्या वेगाने पुढे जाते, तर वैद्य का नाही, हा त्याचा साधा सवाल होता. यातूनच त्याचे ‘उडते दवाखाने’ निघाले. सपाटीसाठी दोन चाकांची आणि डोंगराळ भागासाठी चार चाकांची गाडी. खाली स्प्रिंग, आत गादी, हवेला झरोके. १७९७ साली इटलीत त्याने उभारलेल्या पथकात वैद्य, मदतनीस आणि गाडीवान मिळून सुमारे ३४० माणसे होती. इजिप्तच्या वाळूत चाके रुतू लागली, तेव्हा त्याने उंटाच्या दोन्ही बाजूंना लांब पेटारे बांधून त्यांतून जखमी आणले.

पण गाडीपेक्षा मला मोठा वाटतो तो त्याचा दुसरा नियम. ज्याची जखम सर्वांत गंभीर त्याला आधी हात लावायचा. मग तो शिपाई असो, सेनापती असो की शत्रूचा माणूस. किरकोळ जखमेचा अधिकारी असला तरी त्याने थांबावे. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रोग्यांची जी वर्गवारी होते, तिचे मूळ येथे आहे. हुद्द्यावर चालणाऱ्या सैन्यात हुद्दा बाजूला ठेवायला सांगणे किती अवघड गेले असेल! १८०९ साली डॅन्यूब नदीतील लोबाऊ बेटावर जखमी अडकून पडले होते आणि खायला काही नव्हते. लारेने घोडे कापून सूप करायला लावले. भांडी नव्हती म्हणून चिलखते चुलीवर चढवली, मीठ नव्हते म्हणून बंदुकीची दारू घातली. त्यांत अधिकाऱ्यांचेही घोडे गेले. तक्रार नेपोलियनपर्यंत पोचली, पण शिक्षा झाली नाही.

त्या काळी भूल नव्हती, जंतूंचे ज्ञान नव्हते. चिघळणारा हात वा पाय कापणे हाच उपाय. तो केव्हा कापावा यावर विद्वानांत वाद होता. बरेच जण रोगी सावरेपर्यंत थांबा म्हणत. लारेचा अनुभव असा की, पहिल्या चोवीस तासांत कापले तर माणूस वाचण्याची आशा अधिक. नंतर ताप चढतो, जखम सडते. १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत त्याने एका दिवस-रात्रीत सुमारे २०० अवयव कापले असे सांगतात. वाचताना अंगावर काटा येतो. त्याचे सगळेच बरोबर होते असेही नाही. बर्फाने गारठलेल्यांना शेकोटीजवळ नेले की अवयव सडतात, हे त्याने अचूक टिपले. पण उपाय म्हणून बर्फ चोळायला सांगितले, आणि तो चुकीचा उपाय पुढे शतकाहून अधिक काळ चालू राहिला.

त्याच वर्षी रशियातून माघार घेताना बेरेझिना नदीच्या पुलावर माणसे एकमेकांना तुडवत होती. शस्त्रक्रियेचे साहित्य आणायला लारे मागे गेला आणि गर्दीत सापडला. शिपायांनी त्याला ओळखले आणि डोक्यावरून, हातोहात पलीकडे पोचवले.

१८१३ साली लुत्सेन आणि बाउत्सेन येथील लढायांनंतर हजारो नवशिक्या शिपायांच्या हातांना, बोटांना जखमा आढळल्या. लढाई चुकवण्यासाठी पोरांनी स्वतःच गोळ्या मारून घेतल्या, असे सेनानींनी सम्राटाच्या कानावर घातले. गुन्हा सिद्ध झाला असता तर गोळीने मरण होते. चौकशी लारेकडे आली. सम्राटाला कोणते उत्तर हवे आहे, हे उघड होते. लारेने अन्य शल्यवैद्यांना बरोबर घेऊन ड्रेस्डेनमध्ये अडीच हजारांच्या आसपास शिपाई एकेक करून तपासले. निष्कर्ष असा निघाला की, तीन रांगांत उभे राहून गोळ्या झाडताना मागच्या अननुभवी शिपायांच्या गोळ्या पुढच्यांच्या हातांना लागत होत्या. दोष शिपायांचा नव्हता, अपुऱ्या शिक्षणाचा होता. नेपोलियन आधी संतापला, मग त्याने अहवाल मान्य केला आणि लारेला निवृत्तिवेतन व हिरे जडवलेले आपले चित्र पाठवले. मला विचाराल, तर लारेच्या साऱ्या शस्त्रक्रियांपेक्षा ही एक तपासणी मी वर ठेवीन. तेथे त्याच्या हाती सुरी नव्हतीच.

१८१५ साली वॉटर्लूला लारे जखमींत वावरताना दिसला, तेव्हा वेलिंग्टनने त्या बाजूचा मारा थांबवला, अशी आख्यायिका आहे. (हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्या असईच्या रणात शिंदे-भोसल्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली.) नंतर लारे प्रशियनांच्या हाती लागला. त्याला गोळी घालण्याची तयारी झाली होती. इतक्यात एका प्रशियन वैद्याने त्याला ओळखले. त्याने पूर्वी बर्लिनमध्ये लारेची व्याख्याने ऐकली होती. लारेला सेनापती ब्ल्यूखरपुढे नेले. या ब्ल्यूखरच्या जखमी मुलावर लारेनेच एकदा उपचार केले होते. त्याची सुटका झाली. नेपोलियनने सेंट हेलेनावर केलेल्या मृत्युपत्रात त्याच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले होते.

१८४२ साली, पंचाहत्तरी उलटलेला लारे मुलाला बरोबर घेऊन अल्जीरियातील लष्करी रुग्णालये तपासायला गेला. परतताना तो आजारी पडला आणि २५ जुलैला ल्यों शहरात वारला. त्याची चित्रकार पत्नी तीनच दिवस आधी गेली होती. पॅरिसच्या ॲँव्हालीदमध्ये, म्हाताऱ्या शिपायांच्या त्या आश्रमात, आपल्याला पुरावे ही त्याची इच्छा तेव्हा मानली गेली नाही. १९९२ साली त्याचे अवशेष तेथे आणण्यात आले.