विश्लेषण : दीर्घिकांचे अंतर सांगणारी हिरवी रेषा पुण्यातून तपासणारे कावसजी नायगमवाला कोण होते?

अमेरिकेतील ॲरिझोनामधल्या किट पीक डोंगरावर ‘डेसी’ नावाचे यंत्र २०२१ पासून दर रात्री हजारो दीर्घिकांचे वर्णपट टिपत आहे. मार्च २०२५ मध्ये खुल्या झालेल्या त्याच्या पहिल्या मोठ्या नोंदसंग्रहात सुमारे १ कोटी ८७ लाख खस्थ वस्तू आहेत. प्रत्येकीचे अंतर आणि वस्तुमान काढण्यासाठी शास्त्रज्ञ वर्णपटातील काही ठरावीक रेषा शोधतात. त्यातील एक ठळक हिरवी रेषा नेमकी कशाची, यावर १८९० च्या आसपास युरोपात मोठे भांडण पेटले होते. त्या वादात पुण्याहून एक साक्ष गेली. ती देणारे होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

वर्णपट म्हणजे काय आणि त्याने काय कळते?

सूर्यप्रकाश लोलकातून गेला की सात रंगांचा पट्टा दिसतो. तो बारकाईने पसरवला तर त्यात काळ्या किंवा चमकदार बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागीच येतात, त्यामुळे हाताचे ठसे पाहून माणूस ओळखावा तसे रेषांवरून द्रव्य ओळखता येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रकाश देणारी वस्तू दूर जात असेल तर तिच्या साऱ्या रेषा लाल रंगाकडे सरकतात. हीच ताम्रसृती म्हणजे रेडशिफ्ट. आपल्या हिरव्या रेषेची मूळ तरंगलांबी साधारण ५०१ नॅनोमीटर आहे. एखाद्या दीर्घिकेत ती ७५१ नॅनोमीटरवर, म्हणजे गडद लाल भागात सापडली, तर तिची ताम्रसृती ०.५ झाली. विश्व प्रसरण पावत असल्याने ताम्रसृतीवरून अंतर काढता येते.

अंतर कळले की दीर्घिकेची खरी तेजस्विता कळते. मग वर्णपट आणि रंग यांवरून तिच्यात कोणत्या वयाचे तारे किती असावेत याचा अंदाज बांधतात आणि त्यातून ताऱ्यांचे एकूण वस्तुमान काढतात. नुसती चमक पाहून हे जमत नाही. थोडे तरुण निळे तारे भरपूर प्रकाश देतात, पण वस्तुमानाचा मोठा वाटा असतो तो मिणमिणत्या, लहान, तांबूस ताऱ्यांचा. लग्नाच्या मांडवातील रोषणाई पाहून वऱ्हाडी किती आले हे सांगता येत नाही, तसेच हे.

नायगमवाला या विषयाकडे कसे वळले?

त्यांचा जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८७८ मध्ये पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रात ते एम. ए. झाले आणि कुलपतींचे सुवर्णपदक मिळवले. १८८२ मध्ये त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे व्याख्याते झाले.

त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५ हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली. तेव्हा कल्पना साधी होती, कॉलेजात एक चांगली प्रयोगशाळा व्हावी, एवढीच. उपकरणे आणायला नायगमवाला इंग्लंडला गेले. तिथल्या खगोलतज्ज्ञांशी बोलणे झाले आणि बेत पालटला. प्रयोगशाळेऐवजी ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारी वेधशाळाच उभारायची ठरली.

१८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. हेच पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचे सीओईपी. वेधशाळाही त्यांच्यामागोमाग पुण्याला आली. मुंबईच्या दमट, धुरकट हवेपेक्षा पुण्याचे आकाश बरेच बरे होते. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिची मुख्य परावर्ती दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कारखान्याची होती. पुढे २० इंची म्हणून ओळखली गेलेली ही दुर्बीण कित्येक वर्षे देशातील सर्वांत मोठी होती.

तेव्हाच्या हिंदुस्थानात सरकारी वेधशाळांचे काम मुख्यतः ताऱ्यांच्या जागा मोजणे, वेळ सांगणे आणि हवामान नोंदवणे हे होते. तारा कशाचा बनला आहे हा प्रश्न विचारण्यासाठीच उभी राहिलेली पुण्याची वेधशाळा म्हणूनच वेगळी ठरते. मात्र ती जवळपास एकट्या माणसाच्या बळावर चालत होती आणि तो माणूस दिवसा वर्गात शिकवत होता.

हिरव्या रेषेचा वाद काय होता?

आज गोष्ट सरळ वाटते, पण तेव्हा आकाशातील धूसर ठिपक्यांचे स्वरूपच कोणाला नीट माहीत नव्हते. १८६४ मध्ये इंग्रज खगोलज्ञ विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसेल असे वाटत होते, दिसल्या मोजक्या चमकदार रेषा. याचा अर्थ तो ठिपका ताऱ्यांचा पुंजका नसून विरळ वायू होता. त्यातील सर्वांत ठळक हिरवी रेषा मात्र पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना.

नॉर्मन लॉकियर यांचे मत निराळे होते. त्यांच्या सिद्धांतानुसार तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. उल्कांत मॅग्नेशियम असते, तेव्हा ही हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची उरलेली धार असावी, असे ते म्हणत. असा पट्टा एका बाजूने ठळक आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू विरत जाणारा असतो. म्हणजे प्रश्न डोळ्यांनी सुटण्यासारखा होता. रेषा एका कडेने पसरलेली दिसते की दोन्ही बाजूंनी रेखीव?

मृग नक्षत्रातील तेजोमेघ यासाठी उत्तम. लंडनहून तो क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर चढतो, पुण्याहून ६६ अंश. जितका वर, तितका हवेचा अडथळा कमी. शिवाय पुण्याच्या हिवाळ्यातील कोरड्या, निरभ्र रात्री होत्याच.

वसई-विरारच्या वाचकांना हा तेजोमेघ शोधायला अवघड नाही. निर्मळची यात्रा भरते त्या कार्तिक वद्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास मृग नक्षत्र पूर्वेला वर आलेले असते. मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे ओळखीचे आहेतच. त्यांच्या उजव्या अंगाला अंधूक ताऱ्यांची छोटी ओळ आहे आणि तिच्या मधोमध धुरकट ठिपका. यात्रेच्या दिव्यांपासून जरा बाजूला, तळ्याच्या अंधाऱ्या कडेला गेले तर साध्या दुर्बिणीतूनही तो दिसावा.

नायगमवालांनी निरनिराळ्या परिस्थितींत ही रेषा तपासली आणि प्रत्येक वेळी ती बारीक, रेखीव दिसली. पट्टा नव्हता, विरणारी कड नव्हती. १८९१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास अमेरिकेत लिक वेधशाळेचे जेम्स कीलर यांनी रेषेची जागा अचूक मोजली आणि ती मॅग्नेशियमच्या जागेशी जुळत नसल्याचे दाखवले. कीलर यांच्या मोजमापांतून तेजोमेघांचे वेगही मिळाले.

लॉकियर हे लहान नाव नव्हते. सूर्यातील हेलियमचा शोध त्यांच्या नावावर होता आणि ‘नेचर’ हे साप्ताहिक त्यांनीच सुरू केले होते. वसाहतीतील कॉलेजचा एक तरुण प्राध्यापक त्यांच्या लाडक्या सिद्धांताविरुद्ध साक्ष देतो, ही गोष्ट त्या काळात सोपी नव्हती. नायगमवालांच्या नावाने ग्रहणाची मोहीम अधिक सांगितली जाते, पण त्यांचे सर्वांत मोलाचे काम हे चार ओळींत सांगता येईल असे निरीक्षणच म्हटले पाहिजे.

रेषेचे कोडे पूर्ण सुटायला १९२७ उजाडले. अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी दाखवले, की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. इतक्या विरळ वायूतच ती ठळक उमटते, म्हणून प्रयोगशाळेत ती कोणाला सापडत नव्हती.

जेऊरचे ग्रहण काय होते?

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून शिरून महाराष्ट्र ओलांडत ईशान्येकडे गेली. लॉकियर विजयदुर्गला उतरले. (हेलियम विजयदुर्गात सापडला असे अनेकदा छापून येते. ते खरे नाही. हेलियमची पिवळी रेषा लॉकियर यांनी १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच पाहिली होती. विजयदुर्गला ते आले ते तीस वर्षांनी.) वर्ध्याजवळच्या पुलगावला ब्रिटिश पथक होते. नायगमवालांनी आपला तळ करमाळा तालुक्यातील जेऊरला ठोकला. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचा ४० फुटी कॅमेराही तिथेच होता.

काळ वाईट होता. पुणे प्लेगने पोळले होते, रँडच्या हत्येला सात महिने होत होते आणि आदल्या वर्षीच्या दुष्काळाच्या झळा सोलापूरकडे अजून जाणवत होत्या. अशा दिवसांत नाजूक उपकरणे माळरानावर नेऊन, बसवून, सुमारे दोन मिनिटांच्या काळोखासाठी तयार ठेवायची होती. त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले. खग्रास स्थितीच्या आगेमागे सूर्याच्या कडेचा पातळ थर क्षणभर उघडा पडतो आणि वर्णपटात चमकदार रेषांची झळक उमटते. ती आणि प्रभामंडळाचा वर्णपट टिपणे हा मुख्य उद्देश होता. या मोहिमेचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेत पहिला खंड म्हणून निघाला.

वेधशाळेचे पुढे काय झाले?

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच बंद केली. त्यांच्या जागी कोणी नेमले नाही. उपकरणे तमिळनाडूतील कोडाईकनालला रवाना झाली. तिथे १८९९ पासून सरकारी सौर वेधशाळा होती, तेव्हा दुसरी कशाला पोसायची, असा हिशेब त्यामागे असावा. हिशेब सरकारी दृष्टीने चुकीचाही नव्हता, पण कोडाईकनालचे मुख्य काम सूर्याचे होते. तेजोमेघ आणि ताऱ्यांच्या वर्णपटांची पुण्यातली वाट तिथेच तुटली. चोवीस वर्षांत नायगमवालांना पूर्ण वेळ वेधशाळेसाठी मिळाला तो उत्तरार्धात, आणि वारसदार तयार करायची सोय कोणी केलीच नाही.

नेमक्या त्याच १९१२ च्या सप्टेंबरात ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानी दीर्घिकेचा वर्णपट घेतला आणि तिच्या रेषा किती सरकल्या हे मोजले. ती आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने येत असल्याचे निघाले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मोजलेल्या बहुतेक दीर्घिका मात्र दूर जाताना आढळल्या. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी वेग आणि अंतर यांचे नाते मांडले आणि आजच्या सर्वेक्षणांचा पाया पडला. स्लायफर यांची दुर्बीण २४ इंची होती. पुण्याची २० इंची खोक्यांत भरली जात होती.

आजच्या सर्वेक्षणांत ती रेषा कुठे आहे?

एकेका वस्तूसाठी रात्र घालवण्याचा काळ गेला. ‘स्लोन’ सर्वेक्षणाने २००० पासून ॲल्युमिनियमच्या तबकडीला ६४० भोके पाडून त्यात हाताने प्रकाशतंतू खोवले आणि एका वेळी तेवढे वर्णपट घेतले. ‘डेसी’मध्ये असे ५ हजार तंतू आहेत आणि छोटे यंत्रमानव ते काही मिनिटांत जागेवर आणतात. वर्णपट हाती आला की संगणक त्यात ओळखीच्या रेषा शोधतो. तारे जिथे नव्याने जन्मत आहेत अशा दीर्घिकांत नायगमवालांनी पाहिलेली हिरवी रेषा भरपूर चमकते. फार दूरच्या दीर्घिकांत ती सरकत सरकत अवरक्त भागात निघून जाते. मग ऑक्सिजनच्याच दुसऱ्या, मुळात जंबुपार भागात असलेल्या रेषांच्या जोडीवर काम भागवले जाते.

पुण्यात खगोलशास्त्राची मोठी संस्था पुन्हा आली ती १९८८ मध्ये, आयुकाच्या रूपाने, तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आयुकाची २ मीटरची दुर्बीण जुन्नर भागात गिरवलीला आहे. नायगमवाला १९३८ मध्ये वारले. त्यांची दुर्बीण ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने कोडाईकनालला राहिली. १९८० च्या दशकात ती लडाखमध्ये लेहला नेण्यात आली, हिमालयात नव्या वेधशाळेसाठी आकाश कितपत चांगले आहे हे तपासायला.