किंग हेन्रीज रोड, घर नंबर १०
व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनला भिंतीला भिंत लावून विटांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. रुंदी बेताची, म्हणून घर उंच चढविलेले. किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरचे घर त्यांतलेच. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा गेले. (घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, या कर्जापाशी मी बराच थबकलो.) १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये रुपयावरील प्रबंधाला डी.एस्‌सी. मिळाली. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले.